देल्फिना मावशीने मोडलेला पाव

हे मी जवळजवळ लिहिणारच नव्हते. लिहायला बसले आणि सगळं पुसून टाकलं, परत बसले, परत पुसलं. दोन्या बासिलियाला (दोन्या म्हणजे आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात) मी शब्द दिलाय की सांगणार नाही. पण गेल्या रविवारी तिला बघून आले आणि तेव्हापासून गप्प राहवत नाही. चिडली तर चिडू दे. सांगते.

देल्फिना माझ्या आईची धाकटी बहीण. आमचं गाव वायरापाता, कुस्कोच्या खालच्या अंगाला, दरीत बसलेलं. गावात जवळजवळ घरटी एक भट्टी, आणि सगळ्या खोऱ्याला पाव आमच्याकडून जातो. नुसता खायला नाही, हुर्कासाठी. म्हणजे कुणाला सण काढायचाय, घरावर छप्पर घालायचंय, वाजंत्री बोलवायचेत, तर आमच्याकडे नुसतं तोंडाने बोलवत नाहीत. मोठा गोल पाव फडक्यात बांधून न्यायचा, बाजूला दारूची छोटी बाटली, आणि मग विचारायचं. समोरच्याने पाव मोडून तुकडा तोंडात घातला की शब्द दिला. मग मागे फिरणं नाही. नको असेल तर पावाला हातच लावायचा नाही. आणि खाऊन बसलात आणि नंतर जमत नसेल, तर आपल्या हाताने भाजलेले दोन पाव घेऊन स्वतः जायचं, समोर ठेवायचे आणि तोंडाने नाही म्हणायचं. दुसऱ्याच्या हाती पाठवून चालत नाही.

असे हजारो पाव मावशीने भाजले. लोकांची लग्नं, लोकांचे सण, लोकांचे शब्द. पण तिच्याकडे कधी कुणी हुर्का घेऊन आलं नाही. ती रोजंदारीवर, आज या भट्टीवर, उद्या त्या. तिला काय, "देल्फिना, पहाटे ये गं" असं कुंपणावरून ओरडलं तरी चालायचं. भट्टीवालीला पाव कोण देणार?

नवरा खाणीत गेला तो तिकडचाच झाला. पोरगी यादिरा तेव्हा शाळेत जायला लागली होती. आणि मावशीला खोकला. साधा नाही. आमच्या भट्ट्या निलगिरीच्या लाकडावर चालतात, धूर डोळ्यात जातो, घशात जातो, आणि वरून पिठाची धूळ. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिच्या पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "बाई, औषध देतो. पण परत त्याच धुरात उभी राहणार असशील तर हे औषध गटारात ओतल्यासारखं आहे."

हा खोकला माणसाला कुठे नेतो हे मावशीला सांगायची गरज नव्हती. दोन्या बासिलियाचा नवरा एरास्मो, गावातला सगळ्यात मोठा मेस्त्री, म्हणजे भट्टीचा मुख्य कारागीर, असाच खोकत गेला. शेवटी शेवटी त्याच्या तोंडाखाली भांडं धरायला मावशीच असायची, कारण तिला पीठ मळायला त्यानेच शिकवलं होतं. त्या भांड्यात काय पडायचं ते तिने पाहिलं होतं. तो गेला आणि बासिलियाची भट्टी थंड झाली.

तर मावशीने ठरवलं, धूर सोडायचा. जिथे जिथे विजेची भट्टी असेल तिथे विचारायचं. महिनोन्‌महिने कुणी हूं की चूं केलं नाही. आणि मग सगळं एकदम आलं.

आमच्या दरीत फोन लागत नाही. लागतो तो वर टेकडीवर, क्रूसाच्या चौथऱ्यापाशी. त्यामुळे गावात कुणाचंच बोलणं गुपित राहत नाही, सगळे तिथेच रांगेत उभे. सोमवारी मावशी वर गेली, फोन चालू केला आणि तो हातातच थरथरायला लागला. उरुबाम्बाच्या मोठ्या हॉटेलातून सेन्योरिता पाओला बोलत होती.

"सेन्योरा देल्फिना, तुमचा पाव आमच्या शेफला आवडला. जागा तुमची. विजेची भट्टी, विमा, राहायला खोली, मुलगी बरोबर चालेल. बुधवारी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही सांगा. त्याच्या पुढे मी जागा धरून ठेवू शकत नाही."

"विमा म्हणजे... छातीचं पण?"

"सगळ्याचा."

फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा. एल्मेर, आमचा लांबचा भाऊ, लिमात दोन बेकऱ्या आहेत त्याच्या, आणि तोंड त्याहून मोठं.

"प्रीमा, अगं बहिणी! माझा माणूस पळाला. गुरुवारी संध्याकाळच्या बसने निघ, तिकीट मी काढतो. गॅसची भट्टी, धूर नावाला नाही. आत्ता हो म्हण!"

"एल्मेर, जरा विचार करू दे ना."

"विचार बसमध्ये कर, वीस तास आहेत! हो म्हणून टाक, नंतर नाही म्हणालीस तर मी काय तुला मारणारे का?"

मावशीने हो म्हणून टाकलं. हाताशी एक असावं म्हणून. मागे फोनच्या रांगेत तोमासा उभी होती, मावशीची कोमाद्रे, यादिराची धर्मआई. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गं बाई! तरण्या पोरींना सुद्धा एका सकाळी एवढ्या मागण्या येत नाहीत! एखादा मला दे, माझा म्हातारा बदली करून घेईन."

"गप गं," मावशी म्हणाली, पण हसली. हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेचना. तोमासा मग जवळ आली. पाठ चोळत राहिली.

मंगळवारपर्यंत मावशीचं ठरलं होतं. हॉटेल. लिमात यादिराला कोण सांभाळणार, आणि उरुबाम्बा म्हणजे दोन गाड्या बदलल्या की घर. बुधवारी सकाळी वर जाऊन हो सांगायचं, मग एल्मेरच्या शिव्या खायच्या, की संपलं. ती घरात कपडे बांधत होती आणि दारात दोन्या बासिलिया आली.

म्हातारी त्या दिवशी नेहमीची नव्हती. सणाची टोपी घातलेली, नवी शाल. आत आली, फडकं टेबलावर ठेवलं, सोडलं. आत पाव. आणि बसून बोलायला लागली ते भलतंच. पाऊस कसा नाही, कोंबड्या कशा अंडी देत नाहीत, एरास्मोच्या कबरीवरचा क्रूस कसा कलला. बाटली अजून शालीतच होती. म्हातारीला मागायची सवय नाही हो. आयुष्यभर तिच्याकडे लोक मागायला यायचे.

मावशी ऐकत होती, हं हं करत होती. आणि समोर पाव.

आता हे तुम्हाला सांगून कळेल की नाही माहीत नाही. आमच्या गावातल्या भट्टीवाल्याच्या समोर पाव ठेवला ना, तर त्याचा हात आपोआप जातो. उलटा करायचा, बुडावर टिचकी मारून आवाज ऐकायचा, मोडायचा, वास घ्यायचा, आतला मऊ भाग जिभेवर ठेवायचा. दिवसाला कितीदा. हाताला सांगावं लागत नाही. मावशीने तेच केलं. टिचकी मारली, मोडला, हुंगला, तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता म्हणाली, "लाकूड ओलं होतं, दोन्या. एका बाजूने आच कमी लागलीय. कुणी भाजला हा?"

बासिलिया बोलायची थांबली. तिचे डोळे भरून आले.

"मी," ती म्हणाली. "मी भाजला. एरास्मोच्या भट्टीत. एवढ्या दिवसांनी पहिला." आणि मग मावशीचा पिठाने भेगाळलेला हात दोन्ही हातांत धरून, "मला तर वाटलं होतं तू हातच लावणार नाहीस. कसं विचारू, कसं विचारू असं झालं होतं. तू विचारूच दिलं नाहीस पोरी. खाल्लास."

तेव्हा मावशीला शालीतली बाटली दिसली.

म्हातारीचं मग धरण फुटल्यासारखं झालं. सणाच्या यजमानाने सगळ्या खोऱ्याच्या हुर्काचे पाव भाजायचं काम तिच्या भट्टीला दिलं होतं, एरास्मोच्या नावावर विश्वास ठेवून. मेस्त्री म्हणून देल्फिना. रोजंदारी नाही, निम्मी भागीदारी. "आणि माझ्यामागे भट्टी तुझी. मला आहे कोण? गावात बाई मेस्त्री झाली नाही म्हणतात. होऊ दे की एक."

तोंडातला घास मावशीला गिळता येईना, थुंकता येईना. तिने गिळला. बाटलीतली दारू जमिनीवर थोडी सांडून म्हातारीने तिला पाजली. तेव्हा बोलायला हवं होतं ना? मी हेच विचारलं तिला. ती म्हणाली, "अगं, कुणीतरी माझ्यासाठी हुर्का घेऊन आलं होतं. मला. दोन मिनिटं तरी ते तसंच राहू दे असं वाटलं."

बासिलिया गेली आणि त्या दोन मिनिटांचा दगड झाला.

बुधवारी सकाळी मावशी क्रूसापाशी गेली. हो म्हणायला नाही. पोटात एकाचा पाव असताना तोंडाने दुसऱ्याला शब्द द्यायचा नाही, हे आमच्या हाडात आहे. आधी पाव परत, मग हो. पण पाव परत द्यायचे तर आधी भाजायला हवेत, आणि गावातल्या कुठल्याही भट्टीत तिने दोन पाव भाजायला घातले असते तर ते थंड व्हायच्या आत गावभर झालं असतं. म्हणून तिने पाओलाला विनवलं. "सेन्योरिता, एक दिवस. एकच. घरचं एक काम निस्तरायचंय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "उद्या बारा. पण सेन्योरा, यादीत आणखी एक बाई आहे. मी खोटं सांगत नाही तुम्हाला. बारा वाजून गेले की मी तिला फोन लावणार."

मग एल्मेर. "अरे, तिकीट काढू नकोस अजून."

"काढलं! हे काय चाललंय तुझं? हो म्हणतेस, नाही म्हणतेस! लिमात असं चालत नाही प्रीमा!"

"नाही म्हणत नाहीये. थांब म्हणतेय."

"थांब म्हणजेच नाही," एल्मेर म्हणाला आणि त्याने फोन कापला.

त्या दिवशी मावशी खाली नदीपलीकडच्या गावात गेली, तिथे कुणी तिला फारसं ओळखत नाही. एका बाईच्या भट्टीत शेवटच्या आचेवर दोन पाव भाजून घेतले. चांगले भाजले होते. ती सांगताना अजून म्हणते, "इतके चांगले पाव मी नाही म्हणायला भाजले."

गुरुवारी सकाळी ते रंगीत शालीत बांधले, पाठीवर घेतले आणि ती बासिलियाकडे निघाली. वाटेत मनात घोकत होती. दोन्या, माझी छाती. दोन्या, एरास्मोला मी पाहिलंय. एवढं बोललं तरी म्हातारीला कळेल. तिनेही पाहिलंय.

फाटक ढकललं आणि आत अर्धं गाव. कुणी भट्टीला नवा चिखल लिंपतंय, कुणी लाकडं रचतंय, पोरं राख उपसतायत, बासिलिया घागरीतून चिचा, आमची मक्याची दारू, वाटतेय. तोमासाने तिला पाहिलं आणि ओरडली, "आली! आली मेस्त्रीबाई! उशिरा येते बघा, लगेच तोरा आला!" सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा, जो आयुष्यभर तिला कुंपणावरून हाका मारायचा, त्याने टोपी काढली.

मावशीने पाठीवरचं गाठोडं सोडलं. भट्टीच्या शेजारी खुंटी आहे, एरास्मो त्याचा कोट अडकवायचा ती. तिच्यावर गाठोडं अडकवलं, म्हणजे हात मोकळे होतील, म्हातारीला बाजूला घेऊन बोलता येईल. "दोन्या, जरा इकडे येता?"

"आधी जाळ," बासिलिया म्हणाली. "बाकी सगळं नंतर." आणि पेटती काडी तिच्या हातात दिली. नव्या लिंपलेल्या भट्टीचा पहिला जाळ मेस्त्रीनेच लावायचा असतो. सगळ्यांच्या टोप्या निघाल्या, कुणीतरी एरास्मोचं नाव घेतलं.

मावशीने जाळ लावला.

ओल्या चिखलातून, ओल्या लाकडातून जो धूर निघाला तो थेट तिच्या तोंडावर. ती खोकायला लागली. आधी लोक हसले, मग हसायचे थांबले. तिला बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं, पाणी दिलं, चिचा दिली. श्वास ताळ्यावर यायला किती वेळ गेला कुणाला माहीत. डोकं वर केलं तर सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या.

ती उठली आणि तशीच पळत सुटली. टेकडी चढताना दम लागून दोनदा बसली. वर पोचली, फोन लावला. पाओलाचा आवाज वाईट नव्हता, तेच जास्त लागलं तिला. "मी साडेबारापर्यंत थांबले सेन्योरा. मला नव्हतं थांबायचं तरी. दुसऱ्या बाईंनी लगेच हो म्हटलं."

एल्मेरला लावला. "सीट दिली दुसऱ्याला. तूच थांब म्हणालीस."

टेकडीवरून खाली बासिलियाच्या भट्टीचा धूर सरळ वर येताना दिसत होता. मावशी तिथे किती वेळ बसली असेल देव जाणे. खाली उतरून ती बासिलियाकडे गेली असती तर? नोकरी तर गेलीच होती. निदान भट्टी होती, मान होता. पण तिला तो धूर दिसत होता आणि त्याच्यामागे ते भांडं. आणि खरं सांगायचं तर तिला म्हातारीचा राग आला होता. ज्याची काहीच चूक नाही त्याचा आपल्याला येतो ना, तसा.

पहाटेच्या पहिल्या गाडीने ती यादिराला घेऊन निघून गेली. कुणाला न सांगता. माझ्या आईला सुद्धा नाही.

बासिलियाकडे पीठ मळून तयार होतं. मेस्त्री आली नाही. म्हातारीने शेजारच्या दोघांना घेऊन स्वतः भाजायचा प्रयत्न केला. पहिला घाणा करपला, दुसरा आतून कच्चा राहिला. यजमान येऊन बघून गेला आणि त्याने काम दुसऱ्या भट्टीला दिलं. त्या सणाला खोऱ्यातल्या कुणाच्या हातात एरास्मोच्या भट्टीचा पाव पडला नाही. त्यानंतर ती भट्टी पेटलीच नाही.

मावशी आता कुस्कोत आहे, बाजारामागच्या एका बेकरीत. रोजंदारी. भट्टी? लाकडाची. हो. ज्या धुरापासून पळाली त्याच धुरात, फक्त इथे छप्पर खाली आहे आणि खिडकी एकच. मी कॉलेज सुटल्यावर कधी कधी जाते. यादिरा पिठाच्या पोत्यावर बसून अभ्यास करते. मावशी बोलताना वाक्याच्या मध्ये थांबते, श्वास घ्यायला. गावाचा विषय काढला की म्हणते, "कुठल्या तोंडाने जाऊ? पाव खाल्ला आणि पळाले. गाव थुंकेल माझ्यावर."

पण गाव थुंकत नाही, हेच तर तिला माहीत नव्हतं. गावाला वाटतं की बासिलियानेच तिला हाकललं. म्हातारी सगळ्यांना तेच सांगते. "मीच म्हटलं जा म्हणून. एवढं खोकणारी बाई पावावर कशाला हवी मला? लोकांनी खायचाय तो पाव." तोमासा तर वर्षभर बासिलियाशी बोलत नव्हती यावरून.

म्हातारी असं का सांगते ते मला गेल्या रविवारी कळलं. बासिलिया आता अंथरुणातून फारशी उठत नाही. मी भेटायला गेले, तर मला म्हणाली, खुंटीवरचं काढ. शाल. मावशीची, मी ओळखली. आत दोन पाव, दगड झालेले, उंदरांनी एक बाजू कुरतडलेली.

"त्याच संध्याकाळी सोडून बघितली मी," म्हातारी म्हणाली. "दोन होते. दोन कशाला आणतात ते मला कळत नाही का? बिचारी नाही म्हणायला आली होती, आणि मी तिच्या हातात काडी दिली. आधी जाळ म्हटलं. मीच म्हटलं."

"मग निरोप का नाही पाठवलात दोन्या? इतकी वर्षं?"

"हे निरोपाने होत नाही पोरी. पाव तिने समोर ठेवायचे, नाही तिने म्हणायचं. तोपर्यंत तिचा शब्द माझ्याकडे अडकलेला. ती तिकडे अडकलेली, मी इथे. मला बाकी काही नको. येऊ दे, दारात उभं राहून नाही म्हणू दे, मी हो म्हणते, संपलं. पण तू सांगू नकोस हं तिला. दया म्हणून आली तर काय उपयोग."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत जाऊन सगळं सांगून टाकलं. नाही राहवलं मला.

मावशीने हातातलं पीठ खाली ठेवलं. रडली नाही. म्हणाली, "ठेवलेत तिने? दोन्ही?" मग म्हणाली, या आठवड्यात ऑर्डर मोठी आहे, मालक सोडणार नाही. पुढच्या आठवड्यात बघू. सण झाला की नक्की.

पुढच्या आठवड्यात. ती म्हातारी पाणी सुद्धा चमच्याने पितेय आणि मावशी म्हणतेय पुढच्या आठवड्यात.

म्हणून लिहिलं. तुमच्याकडे पण कुणाचा तरी पाव मोडून पडला असेल. कुणी मनापासून काहीतरी देऊ केलं, तुम्ही हो पण म्हणाला नाहीत, नाही पण म्हणाला नाहीत, आणि लाजेपायी मग त्या रस्त्यानेच गेला नाहीत. तो माणूस चिडून बसलाय असं तुम्हाला वाटतंय. नसेल हो चिडला. खुंटीकडे बघत पडला असेल. जा त्याला भेटायला. फोन नको, निरोप नको. नाही म्हणायला जा, पण जा, आणि लवकर जा.